‘इतर’ या चौकटीतली डुकरे : पशुधनाची धोरणे आखणाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मागच्या वेळी जनावरांची नोंद करायला गेले, तेव्हा हातात आलेल्या फॉर्मवर डुकरांच्या जातीसाठी चार चौकटी होत्या. पहिल्या तिन्हींत पांढऱ्या, भराभर वाढणाऱ्या जातींची नावे छापलेली होती आणि चौथीत ‘इतर’. माझ्याकडे अकरा माद्या आणि तीन नर आहेत. काळे, राठ केसांचे, लोंबत्या कानांचे. ही जात पाळणारी माझ्या ओळखीतली घरे दोन्ही हातांच्या बोटांवर मोजून संपतात. ती चौदाही जनावरे ‘इतर’मध्ये गेली. मी समासात जातीचे नाव लिहिले, तेव्हा खिडकीपलीकडचा कर्मचारी समजुतीच्या सुरात म्हणाला, “ताई, समासातलं पुढे चढत नाही.”

त्या माणसाशी माझे भांडण नाही. त्याने त्याच्यापुढे ठेवलेले काम नीट केले. हे पत्र ज्यांनी तो फॉर्म आखला त्यांना आहे. अनुदानाच्या अटी लिहिणाऱ्यांना आहे, पैदाशीचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांना आहे आणि लहान गोठ्याला व हजार जनावरांच्या शेडला एकाच नियमाने मोजणाऱ्यांनाही आहे. माझ्या जातीचे नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. चौथ्या चौकटीत जेवढ्या जाती कोंबल्या गेल्या आहेत, त्या सगळ्यांच्या वतीने लिहायचे आहे.

मोजले जात नाही ते जाताना कळतही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2015 साली जगातल्या पाळीव जनावरांच्या जातींचा दुसरा मोठा अहवाल काढला. त्यात 17 टक्के जाती नष्ट होण्याच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे आणि हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. मला त्याच्या शेजारचा आकडा जास्त अस्वस्थ करतो. 58 टक्के जातींची स्थिती काय आहे हे माहीतच नाही, कारण त्यांची ताजी मोजणी नाही. निम्म्याहून अधिक जाती कुणाच्या तरी ‘इतर’मध्ये पडून आहेत. याच संघटनेच्या सदस्य देशांनी 2007 मध्ये इंटरलाकेन इथे पशुधनाच्या वाणांसाठी जागतिक कृती आराखडा मान्य केला होता आणि त्याची सुरुवातच जातींची यादी करणे व त्यांच्यावर लक्ष ठेवणे इथून होते. म्हणजे मी काही जगावेगळे मागत नाही.

एका अहवालाने काय होऊ शकते याचा दाखला ब्रिटनमध्ये आहे. 1955 साली सर हॅरोल्ड हॉविट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशाच्या डुक्करपालनाचा अभ्यास केला आणि शेतकऱ्यांनी तीन जातींवर भर द्यावा अशी शिफारस केली : लार्ज व्हाइट, लँडरेस आणि वेल्श. समितीचा हेतू वाईट नव्हता. बाजाराला एकसारखे, कमी चरबीचे मांस हवे होते आणि दहा प्रकारची डुकरे असताना ते जमत नव्हते. पण शिफारशीच्या बाहेर राहिलेल्या जातींचे काय करायचे, याची सोय कुणी केली नाही. कंबरलँड डुक्कर 1960 पर्यंत संपले. मेंढीसारखे कुरळे केस असणारे लिंकनशायर कर्ली कोट 1972 मध्ये संपले. त्यानंतर वर्षभरात, 1973 साली, तिथे दुर्मीळ जाती जपणारा ट्रस्ट उभा राहिला आणि टॅमवर्थ, बर्कशायर, ग्लॉस्टरशायर ओल्ड स्पॉट्स, लार्ज ब्लॅक या जाती मूठभर पालकांच्या जोरावर टिकल्या. कर्ली कोटसाठी मात्र उशीर झाला होता.

आपल्या कागदांत एक शब्द फार येतो : जातसुधारणा. पांढरा नर फुकट किंवा सवलतीत द्यायचा, तो स्थानिक मादीला दाखवायचा आणि होणारी पिल्ले लवकर वजन धरतात म्हणून त्याला सुधारणा म्हणायचे. पहिली पिढी खरेच चांगली निघते, संकराचा जोम असतो, पालक खूश होतो. मग तो आपला जुना नर विकून टाकतो, कारण दोन नर पोसायचे कशाला? पहिल्या पिढीत मूळ रक्त निम्मे, दुसरीत पाव, तिसरीत एक अष्टमांश. डुकरीण वर्षाच्या आत पहिल्यांदा विते, त्यामुळे तीन पिढ्या म्हणजे तीन-चार वर्षांचे काम. एवढ्या अवधीत तर एक योजना पूर्ण होऊन तिचा अहवालही छापून येत नाही. मी संकराच्या विरोधात नाही. ज्याला विक्रीसाठी संकरित पिल्ले हवीत त्याने ती जरूर करावीत. पण त्यासाठी पुढेही शुद्ध मादी लागणार आहे, आणि ती कुठून येणार याची तरतूद त्याच कागदावर असायला हवी.

नरांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. कळप किती मोठा आहे हे आपण डोकी मोजून सांगतो. वंशाच्या दृष्टीने तो हिशोब फसवा असतो. समजा एका जातीची जगात 52 जनावरेच उरली आहेत. त्यांत 50 माद्या आणि 2 नर असतील, तर पैदासशास्त्राच्या साध्या सूत्राने (नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले दोन्हींची बेरीज) त्या कळपाचा खरा आकार आठच्याही खाली येतो. तीच 52 जनावरे 42 माद्या आणि 10 नर अशी असतील, तर तो 32 च्या वर जातो. दाणा तेवढाच, जागा तेवढीच, फरक चौपट. हा आकडा 50 च्या खाली गेला की दर पिढीला नात्यातल्या पैदाशीचे प्रमाण एक टक्क्याहून जास्त वाढते, आणि जाती जपणारे लोक तिथे धोक्याची रेघ मारतात. मग पिल्ले कमी होतात, मरतुकडी होतात, नर वांझ निघतात आणि लोक म्हणतात, “ही जातच कमजोर.” जात कमजोर नसते. तिचे नर आपण विकून खाल्लेले असतात.

म्हणून माझी पहिली मागणी मादीसाठीच्या अनुदानाची नाही. शुद्ध जातीचा, वेगळ्या वंशावळीचा नर जो सांभाळतो त्याला मदत द्या. नर वर्षभर खातो आणि लहान कळपात वर्षातून दहा-वीस वेळा कामाला येतो. तीन-चार माद्यांच्या पालकाला तो परवडत नाही. दोन-तीन पालक मिळून एक नर फिरवू शकतात, आम्ही तसे करतोही. पण जनावर इकडून तिकडे नेण्याच्या प्रत्येक खेपेला जी परवानगी लागते तिची मुदत आणि मादीचा माज यांचा मेळ बसत नाही. डुकरीण दर 21 दिवसांनी माजावर येते आणि दोन-तीन दिवसच स्थिर राहते. कागद पाचव्या दिवशी आला तर पुढचे तीन आठवडे थांबायचे. रेत साठवून ठेवा असे कुणी सहज म्हणते. गाईचे रेत गोठवून वर्षानुवर्षे राहते तसे डुकराचे सोपे नाही. गोठवता येते, पण वितळवल्यावर त्याची ताकद बरीच घटते. रोजच्या वापरातले रेत 17 अंशांच्या आसपास ठेवून काही दिवसांतच वापरावे लागते. गोठवलेल्या रेताची पेढी संकटासाठी ठेवायलाच हवी, आणि ती तुम्हीच उभारू शकता. तिला जिवंत नराचा पर्याय समजू नका, एवढेच सांगते.

आता आमच्याकडे ही डुकरे राहतात कशी, ते लिहिते. तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यांनी मला सिमेंटची फरशी नाही म्हणून शेरा दिला होता. “मातीत ठेवता म्हणजे अस्वच्छ,” असे ते म्हणाले. मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. आज देते.

डुक्कर झोपायच्या जागी हगत नाही. जागा पुरेशी असेल तर पिल्लेसुद्धा जन्मल्यानंतर थोड्याच दिवसांत लांब कोपरा धरतात. चिखलात ते लोळते कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगावरचा चिखल हळूहळू वाळतो आणि नुसत्या पाण्यापेक्षा जास्त वेळ गारवा देतो. शिवाय उन्हापासून आणि माश्या-गोचिडांपासून आडोसा. काळ्या-लाल कातडीच्या जुन्या जाती उन्हात टिकतात, पांढऱ्या कातडीचे डुक्कर मात्र उघड्यावर भाजून निघते. अस्वच्छ दिसतो तो कोंडलेला प्राणी, ज्याला दूर जायला जागाच ठेवलेली नाही.

एडिनबरोजवळ स्टोल्बा आणि वुड-गश या दोन शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला होता. शेडमधल्या साध्या पाळीव डुकरांना त्यांनी झाडे, गवत, ओढा असलेल्या मोठ्या कुंपणात सोडले आणि वर्षानुवर्षे निरीक्षण केले. पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या ताब्यात राहिलेली ती जनावरे रानडुकरासारखीच वागली. दिवसाच्या उजेडातला निम्म्याहून अधिक वेळ ती उकरण्यात आणि चरण्यात घालवत. व्यायच्या आधी मादी कळपापासून दूर जाऊन घर करी. माझ्याकडे मी हे दर वेताला पाहते आणि दर वेळी हातातले काम टाकून पाहत राहते. गाभणकाळ 114 दिवसांचा, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. शेवटच्या दिवशी मादी अस्वस्थ होते. खोपटाबाहेर जाते, तोंडात मावेल तेवढे गवत आणते, खाली ठेवते, पायाने सारखे करते, पुन्हा जाते. पेंढा पुरेसा घातलेला असला तरी स्वतः वेचून आणलेले तिला हवेच असते. एकदा एका मादीने माझी वाळत घातलेली गोणी नेऊन अंथरली होती. हे सगळे तिच्या अंगातल्या संप्रेरकांनी घडते. पेंढा असो वा नसो, ती ओढ येतेच. ज्या मादीला अंग वळवता येणार नाही अशा पिंजऱ्यात उभे केलेले असते, तीही त्या रात्री लोखंडाच्या गजाला तोंड घासते आणि सिमेंट उकरते. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2013 पासून गाभणकाळाच्या बहुतेक दिवसांसाठी तसले पिंजरे बंद केले. ज्या ठिकाणी नियम अजून लिहिले जायचे आहेत, त्यांनी पिंजरा आणून मग काढण्याचा फेरा टाळावा.

माती पिल्लांसाठी औषध आहे, हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. पिल्लू जन्मताना अंगात सुमारे 50 मिलिग्रॅम लोह घेऊन येते. त्याला दिवसाला सात-आठ मिलिग्रॅम लागते आणि आईच्या दुधातून जेमतेम एक मिळते. म्हणून सिमेंटवरच्या पिल्लाला तिसऱ्या दिवसाच्या सुमारास लोहाचे इंजेक्शन द्यावेच लागते, नाहीतर ते पांढुरके पडते, धापा टाकते. मातीवरची पिल्ले दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून नाक खुपसून माती चघळू लागतात आणि त्यातून त्यांची बरीचशी गरज भागते. सगळ्या मातीत सारखे लोह नसते, त्यामुळे एखादे पिल्लू फिकट दिसले तर मी इंजेक्शन देते. पण माझ्या गोठ्यात तो अपवाद आहे.

‘नैसर्गिक’ या शब्दाने आमच्याच लोकांनी बरेच नुकसान केले आहे, तेही कबूल करायला हवे. नैसर्गिक म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. जे डुक्कर गावभर फिरते आणि माणसाची विष्ठा खाते, त्याच्या मांसात फीतकृमीच्या अळ्या वाढतात. त्या माणसाकडून डुकराकडे आणि डुकराकडून माणसाकडे फिरत राहतात आणि कृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली की अळ्या मेंदूपर्यंत पोचून झटके आणतात. जनावर कुंपणात ठेवणे ही आमची पहिली जबाबदारी आहे, आणि तुम्ही ती सक्तीची केलीत तर मी तुमच्या बाजूने बोलेन. तसेच एकाच तुकड्यावर वर्षभर डुकरे ठेवून त्याचा चिखलराडा करणे हेही नैसर्गिक नाही. गोलकृमीची अंडी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात, भिजलेली जमीन खुरांखाली दबून घट्ट होते आणि मूत्रातला नत्र ओढ्याला लागतो. म्हणून आम्ही विजेच्या तारेचे हलते कुंपण करतो, दोन पदरी, खालची तार पिल्लांच्या नाकाच्या उंचीची. तुकडा उकरून झाला की पुढे सरकायचे आणि मागे पेरायचे. डुक्कर नांगरासारखे काम करते, तणाच्या मुळ्या-गाठी शोधून खाते आणि जाताना खत ठेवते. यात एक गंमत आहे. तार काढली तरी डुकरे ती जिथे होती ती रेघ ओलांडत नाहीत. खाद्याची बादली पुढे धरून, कधी कधी अर्धा तास आर्जवे करून एकेकाला पलीकडे न्यावे लागते.

नुसत्या गवतावर डुक्कर जगत नाही, हेही नव्या पालकांना कुणी सांगत नाही. त्याला गाईसारखे चार कप्प्यांचे पोट नाही. उकरून मिळणारे कंद, किडे, पडलेली फळे यांनी खाद्य काही प्रमाणात वाचते. प्रथिनांचे दाणे लागतातच. मात्र जुन्या जाती थोड्यावर चरबी धरतात आणि तिथे माझ्याकडून मोठी चूक झाली होती. पहिल्या वर्षी मी एका पहिलारू मादीला मायेने भरपूर खाऊ घातले. ती जड झाली, व्याल्यावर तिला अंग सावरता येईना आणि नऊपैकी चार पिल्ले पहिल्या रात्रीच तिच्याखाली चिरडून मेली. दोष जातीचा नव्हता, मोकळ्या खोपटाचाही नव्हता. तेव्हापासून गाभण मादीचे खाद्य मोजून देते आणि खोपटाच्या भिंतीला आतून वीतभर अंतरावर आडवा वासा बांधते, म्हणजे आई टेकून बसताना पिल्लाला मागे सटकायला जागा राहते. पिल्लांसाठी कोपऱ्यात ऊब ठेवते, कारण नवजात पिल्लाला 32 अंशांच्या आसपास लागते आणि आईला तेवढ्यात धाप लागते. हे सगळे शिकवणारे प्रशिक्षण मला कुठेही मिळाले नाही. जी प्रशिक्षणे होती त्यांत शेडचे आराखडे होते.

आता मोजपट्टीविषयी. तुमच्या प्रत्येक योजनेत दोन आकडे विचारले जातात : एका मादीमागे वर्षाला किती पिल्ले आणि एक किलो वजनासाठी किती किलो खाद्य. या दोन आकड्यांवर माझी डुकरे हरणार, दर वेळी हरणार. माझ्या माद्या आठ-दहा पिल्ले देतात आणि ती मी आठ आठवडे आईजवळ ठेवते. शेडमध्ये तीन-चार आठवड्यांत दूध तोडून मादी पुन्हा भरवतात. काही देशांत पांढऱ्या संकरित मादीला एका वेताला सरासरी सोळाहून अधिक जिवंत पिल्ले होतात. मादीला सड असतात चौदा-सोळा. उरलेली पिल्ले दुसऱ्या मादीखाली नेऊन लावावी लागतात, त्यासाठी रात्री-अपरात्री जागणारी माणसे लागतात. हा खर्च त्या आकड्यात दिसत नाही. आठ पिल्ले जन्मून आठ जगली, वैद्याला बोलवावे लागले नाही, मादी आठव्या वेतापर्यंत टिकली, हेही त्या आकड्यात दिसत नाही.

एका आकड्यामागे लागल्याने काय होते ते डुकरांच्याच बाबतीत घडून गेले आहे. चरबी कमी आणि मांस जास्त म्हणून निवड करत गेल्यावर काही जातींत ताण सहन न होणारी जनावरे वाढली. गाडीत चढवताना, गर्दीत, उन्हात ती कोसळून मरत. जी कापली जात त्यांचे मांस फिकट आणि पाणी सुटलेले निघे. त्यामागे एका जनुकातला एकच बदल असल्याचे 1991 मध्ये सापडले, मग रक्ताची तपासणी करून तो दोष काढायला सुरुवात झाली. दुसरीकडे, 1979 साली फ्रान्सने चीनमधून मैशान नावाची सुरकुतलेल्या तोंडाची, सावकाश वाढणारी, चरबीची डुकरे आणली, कारण त्या माद्यांना पिल्ले फार होतात. म्हणजे ज्या गुणावर आजचा उद्योग मिरवतो, तो शोधायला त्यालाही एका खेड्यातल्या जुन्या जातीकडेच जावे लागले. ती जात तोवर कुणीतरी कुठलाही फॉर्म न भरता जपली होती. उद्या कोणता गुण लागेल हे आज सांगता येत नाही. उष्णता सोसणे असेल, हलके खाद्य पचवणे असेल, एखाद्या रोगापुढे टिकणे असेल.

मी ही डुकरे विकते आणि ती कापली जातात. हे लिहिताना मला अवघड वाटते, तरी लपवणार नाही. डुक्कर दूध देत नाही, ओझे ओढत नाही. खाणारा नसेल तर पाळणारा राहत नाही. हंगेरीतले कुरळ्या केसांचे मंगालित्सा 1990 च्या सुमाराला दोनशेहून कमी माद्यांवर आले होते. स्पेनमधल्या हॅम करणाऱ्यांना त्याच्या चरबीची किंमत कळली, पैदास पुन्हा सुरू झाली आणि आज ती जात हजारोंनी आहे. स्पेनचे स्वतःचे इबेरियन डुक्कर ओकच्या राईत त्याची फळे गळण्याच्या हंगामात चरते, म्हणून ती राईसुद्धा तोडली जात नाही. पण त्यासाठी लहान पालकाला जवळचा, नीट चालणारा कत्तलखाना लागतो. मोठ्या केंद्रात दोन डुकरे घेऊन गेले तर घेत नाहीत, आणि घेतली तरी शंभर कोस गाडीत हिंदकळून आलेले जनावर घाबरलेले, दमलेले असते. वर्षभर मी त्याला आरडाओरडा ऐकू दिलेला नसतो. शेवटच्या दिवशी ते सगळे पाण्यात जाते. लहान, तपासणी असलेले, आठवड्यातून एक दिवस चालणारे केंद्र उभे करा, फिरते केंद्रही चालेल. स्वच्छतेची पातळी तीच ठेवा. फक्त कागदपत्रे आणि शुल्क हजार जनावरांच्या मापाने नको.

राहिला रोग. आफ्रिकी स्वाइन फीवरचे पहिले वर्णन 1921 मध्ये केनियातून आले. 2007 मध्ये तो जॉर्जियात पोचला, 2018 मध्ये चीनमध्ये. माणसाला तो होत नाही, डुकराला झाला तर क्वचितच वाचते. विषाणू गोठवलेल्या आणि खारवलेल्या मांसात महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून उष्टे-खरकटे डुकराला घालण्यावर बंदी हवीच. ब्रिटनमध्ये 2001 ची लाळ्या-खुरकुताची साथ न उकळलेले खरकटे घालणाऱ्या एका डुक्करपालकाच्या गोठ्यापर्यंत माग काढत नेली गेली, आणि त्या साथीत साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली. खरकटे फुकट मिळते, मोह होतो, मी जाणते. मी ते घालत नाही आणि घालणाऱ्याकडून पिल्लू घेत नाही. रानडुकरे येतात तिथे दुहेरी कुंपण, बाहेरच्या माणसाला वेगळे बूट, नवे जनावर तीन-चार आठवडे वेगळे, हे सगळे आम्ही करू आणि त्याची नोंदही देऊ.

बदल्यात एक मागते. साथ आली की ठरावीक अंतरातली सगळी डुकरे मारण्याचा आदेश निघतो. तो का निघतो हे मला समजते. पण ज्या जातीच्या उरलेल्या सगळ्या वंशावळी एकाच खोऱ्यात आहेत, ती त्या एका आदेशाने संपते. साथ आल्यावर याद्या करायला वेळ नसतो. आजच बसून कोणता नर कुठे आहे, कुणाचे रेत गोठवून ठेवले आहे, कुठली दोन पिल्ले दुसऱ्या टोकाच्या पालकाकडे हलवावीत, हे ठरवता येईल. यासाठी तुम्हाला आमची नावे लागतील, आमच्या जनावरांच्या जाती लागतील. ती माहिती द्यायला आम्ही तयार बसलो आहोत. घ्यायला तुमच्याकडे चौकट नाही.

माझी एक मादी या आठवड्यात विणार आहे. आज दुपारपासून ती कुंपणाच्या कडेचे गवत तोंडाने उपटून तपासते आहे, अजून नेत नाही. पिल्ले झाली आणि जगली की नियमाप्रमाणे मी नोंदीला येईन. तोवर फॉर्ममध्ये जातीचे नाव लिहायला एक कोरी ओळ आणि नर कोणत्या वंशावळीचा आहे हे लिहायला दुसरी, एवढी भर घालता आली तर पाहावे.

आपली,
अकरा माद्या आणि तीन नरांची एक पालक